मोहरीच्या बरणीला विटाळ नसतो
जर्मन पद्धतीची मोहरीची चटणी घरच्या घरी

मोहरी नाही असे घर महाराष्ट्रात सापडणे कठीण. वाड्यात राहणारा असो की झोपडीत राहणारा, वरणाला फोडणी द्यायची म्हटली की मोहरीचा डबा आधी हातात येतो. परंतु चिमूटभर फोडणीपलीकडे या दाण्याचा आपण फारसा उपयोग करीत नाही. आंब्याच्या दिवसांत लोणच्यासाठी मोहरीची डाळ आणली जाते, एरवी डबा तसाच फळीवर राहतो.

अलीकडे मात्र ही मोहरी वेगळ्याच रूपाने आपल्या मुलाबाळांपर्यंत पोहोचू लागली आहे. भातकुलीहून अमरावतीला शिकायला किंवा कामाला जाणारी मुले तेथे बर्गर, सँडविच खातात. त्यावर पिवळी, आंबटगोड, किंचित नाकात जाणारी चटणी असते. घरी आल्यावर ती मागतात. मोठ्या दुकानातील बरणीवर परदेशी नाव छापलेले असते आणि किंमत पाहिल्यावर आई ती बरणी मुकाट्याने परत ठेवते. ही चटणी म्हणजे वाटलेली मोहरी, पाणी, व्हिनेगर, मीठ आणि साखर. एवढेच. ज्या घरात पाटा-वरवंटा किंवा मिक्सर आहे, त्या घरात ती होऊ शकते. ती कशी करावी आणि ती करताना कोणते जुने समज टाकून द्यावेत, हे आम्ही या लेखात सांगणार आहोत.

जर्मनीची चटणी, आपली फेसलेली मोहरी

जर्मन लोक मोहरीच्या चटणीला ‘झेन्फ’ म्हणतात. तेथे ती आपल्याकडील लोणच्याइतकी घरोघरची गोष्ट आहे. ड्युसेलडॉर्फ या शहरात १७२६ साली मोहरीचा कारखाना निघाला. जर्मनीतील तो पहिला मानला जातो. पुढे म्युनिक शहरात योहान कॉनराड डेव्हले या माणसाने १८५४ साली साखर घालून गोड मोहरी तयार केली. ती आजही बव्हेरिया प्रांतात पांढऱ्या सॉसेजबरोबर खातात. पूर्वेकडील बाउत्झेन गावाची मोहरीही त्या देशात प्रसिद्ध आहे. रस्त्याकडेच्या टपरीवर उभ्या उभ्या पाव, सॉसेज आणि मोहरी खाणारा कामगार तेथे कोठेही दिसतो. आपल्या शेतमजुराची भाकर आणि ठेचा, तशीच ही त्याची न्याहारी.

आपल्याकडे ही विद्या नव्हती असे मात्र कोणी समजू नये. मोहरी पाण्यात वाटून, ती चढेपर्यंत घोटायची, याला आपल्या भाषेत ‘मोहरी फेसणे’ म्हणतात. फेसलेली मोहरी लोणच्यात आणि रायत्यात घालण्याची रीत जुनी आहे. बंगालमध्ये ‘कासुंदी’ नावाची मोहरीची चटणी होते. म्हणजे जर्मनांनी मोहरीत व्हिनेगर घालून ती बरणीत टिकवली, आपण ती लोणच्यात मीठ-तेलाबरोबर टिकवली. मूळ क्रिया एकच.

दाणा तिखट कसा होतो?

मोहरीचा कोरडा दाणा हुंगून पाहा. त्याला वास जवळजवळ नसतो. तोच दाणा पाण्यात वाटला की दहा मिनिटांत डोळ्यांत पाणी येते. हे कसे घडते, ते समजून घेतले तर कृती कधी बिघडणार नाही.

दाण्यात दोन वस्तू वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. काळ्या आणि तांबड्या मोहरीत सिनिग्रिन नावाचा पदार्थ असतो; युरोपातील पांढऱ्या मोहरीत त्याच जातीचा सिनाल्बिन असतो. दुसरी वस्तू म्हणजे मायरोसिनेज नावाचे विकर. दाणा फुटला आणि पाणी मिळाले की या दोन्ही वस्तू एकत्र येतात आणि त्यातून झणझणीत तेल तयार होते. काळ्या मोहरीचे तेल उडून जाणारे असते, म्हणून ते नाकात जाते. पांढऱ्या मोहरीचे तिखट फारसे उडत नाही, ते जिभेवरच राहते.

हे विकर उष्णतेने मरते. म्हणूनच फोडणीत तडतडलेली मोहरी खमंग लागते, पण झणझणीत लागत नाही. उकळते पाणी ओतले तरी तोच परिणाम होतो. गार पाण्यात तिखटपणा पूर्ण चढतो, पण तसेच ठेवले तर काही तासांत उतरू लागतो. आंबट घातले की विकराचे काम मंदावते आणि चढलेला तिखटपणा टिकून राहतो. जर्मन चटणीचे सारे रहस्य यातच आहे : आधी गार पाणी, मग थोडा धीर, आणि त्यानंतर व्हिनेगर.

घरातील मुलांना हे दाखवावयाचे असेल तर चार वाट्यांचा प्रयोग करावा. प्रत्येक वाटीत एक चमचा ताजी वाटलेली मोहरी घ्यावी. पहिलीत दोन चमचे गार पाणी, दुसरीत उकळते पाणी, तिसरीत नुसते व्हिनेगर, आणि चौथीत एक चमचा गार पाणी घालून पंधरा मिनिटांनी एक चमचा व्हिनेगर. अर्ध्या तासाने चारही वाट्या चाखाव्यात. पहिली नाकात जाते, दुसरी कडवट आणि बोथट लागते, तिसरी सौम्य राहते, चौथी झणझणीत आणि आंबट असते. दुसऱ्या दिवशी पुन्हा चाखले की पहिली उतरलेली आणि चौथी बरीचशी तशीच असलेली कळते. आम्ही भातकुलीत हा प्रयोग केला तेव्हा शाळकरी मुलांनी वाट्यांवर आकडे टाकून निष्कर्ष वहीत लिहून घेतले. विज्ञानाची प्रयोगशाळा स्वयंपाकघरातही असते, ती अशी.

साहित्य

बारीक तांबडी किंवा काळी मोहरी ५० ग्रॅम, पिवळी मोहरी ५० ग्रॅम, उकळून गार केलेले पाणी १०० मिली, साधे पांढरे व्हिनेगर ८० मिली, साखर किंवा किसलेला गूळ ३० ग्रॅम, मीठ एक चहाचा चमचा भरून, हळद पाव चमचा, लवंग एक, दालचिनीचा लहान तुकडा.

जर्मनीत या चटणीसाठी युरोपातील पांढरी मोहरी अधिक वापरतात. आपल्या किराणा दुकानात जी पिवळी मोहरी मिळते ती सहसा निराळ्या जातीची असते, तरी चटणी चांगली होते. पिवळी न मिळाल्यास लोणच्याची मोहरीची डाळ घ्यावी. नुसत्या काळ्या मोहरीची चटणीही होते; ती अधिक तिखट आणि रंगाने मळकट होते, इतकेच.

कृती

१. मोहरी निवडून, पाखडून घ्यावी. ओली असेल तर सावलीत वाळवावी. भाजू नये.

२. व्हिनेगरात लवंग आणि दालचिनी घालून एक उकळी आणावी आणि झाकून पूर्ण गार होऊ द्यावे. मग गाळून घ्यावे.

३. मोहरी मिक्सरमध्ये थांबून थांबून वाटावी. पाच-सात सेकंद फिरवावे, थांबावे, पुन्हा फिरवावे. सलग फिरवल्यास भांडे तापते आणि तिखटपणा जातो. पाट्यावर वाटली तर ही अडचण येत नाही, वेळ मात्र लागतो.

४. वाटलेल्या मोहरीत गार पाणी घालून चांगली घोटावी. झाकून पंधरा मिनिटे ठेवावी. झाकण काढताना तोंड दूर ठेवावे.

५. आता व्हिनेगर, मीठ, साखर आणि हळद घालून पुन्हा एकदा वाटावे. या वेळी चटणी पातळ वाटेल. घाबरू नये, दाण्यातील चिकट अंशामुळे ती दुसऱ्या दिवशी आपोआप दाटते. फारच दाटली तर चमचाभर व्हिनेगर घालावे.

६. काचेच्या किंवा चिनी मातीच्या स्वच्छ, कोरड्या बरणीत भरावी. तांबे, पितळ किंवा ॲल्युमिनिअमच्या भांड्यात मुळीच ठेवू नये. आंबटामुळे धातू चटणीत उतरतो.

७. पाच ते सात दिवस थंड जागी, शक्यतो फ्रीजमध्ये ठेवून मग खावी. पहिल्या दिवशी ती कडू लागते. हा कडूपणा मुरल्यावर कमी होतो. अनेक जणी पहिल्याच दिवशी चाखून चटणी फेकून देतात, तसे करू नये.

फ्रीज नसलेल्या घरी निम्म्या मापाने करावी, थंडीच्या दिवसांत करावी आणि मुरल्यावर आठवडाभरात संपवावी. वैशाख-ज्येष्ठात आपल्या वऱ्हाडात ऊन इतके असते की बाहेर ठेवलेल्या बरणीचा भरवसा धरता येत नाही.

पाण्याबद्दल एक गोष्ट भातकुलीकरांना वेगळी सांगावी लागेल. पूर्णा खोऱ्याचा खारपाणपट्टा अमरावती, अकोला, बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेला आहे आणि आपल्या तालुक्याचा मोठा भाग त्यात येतो. विहिरीच्या खाऱ्या पाण्यात डाळ शिजत नाही हे येथील प्रत्येक बाई जाणते. त्या पाण्याने ही चटणी करू नये, चव बिघडते आणि मिठाचा अंदाज चुकतो. पिण्याचे नळाचे पाणी उकळून, गार करून वापरावे.

गुळाची गोड मोहरी

लहान मुलांना आणि वृद्धांना झणझणीत सोसत नाही. त्यांच्यासाठी म्युनिककडील गोड प्रकार करावा. १०० ग्रॅम मोहरी जाडसर भरडून घ्यावी. १५० मिली पाणी, ८० मिली व्हिनेगर, १०० ग्रॅम गूळ आणि अर्धा चमचा मीठ एकत्र उकळावे आणि गरम असतानाच भरडलेल्या मोहरीवर ओतावे. उष्णतेने विकर मरते, म्हणून चटणी सौम्य राहते. जर्मन लोक यात तांबूस साखर घालतात. आपला गूळ त्या साखरेपेक्षा काकणभर सरसच ठरतो, असे आमचे मत आहे.

दोन्ही चटण्या आलूबोंड्याबरोबर, भज्यांबरोबर, उकडलेल्या अंड्याबरोबर आणि तळलेल्या मासळीबरोबर छान लागतात. शिळ्या पोळीला तिखट चटणी लावून, त्यावर कांदा आणि काकडी ठेवून गुंडाळी केली तर मुलांचा डबा होतो. मटणाला मुरवताना एक चमचा लावली तर चव खुलते.

निवडताना डोळ्यांत तेल घाला

मोहरी निवडणे हे काम वरवरचे समजू नये. आपल्या शेताच्या धुऱ्यावर, पडीक जागेत काटेरी पानांचा आणि पिवळ्या फुलांचा पिवळा धोतरा उगवतो. त्याचे बी मोहरीसारखे दिसते आणि ते विषारी असते. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात या बियांच्या तेलाची भेसळ झाली. अंगावर सूज येऊन हजारो लोक आजारी पडले आणि साठाहून अधिक माणसे दगावली. स्वस्त, सुटे तेल घेणारी गरीब कुटुंबेच अशा भेसळीला आधी बळी पडतात.

ओळखण्याची खूण सोपी आहे. मोहरीचा दाणा हाताला गुळगुळीत लागतो आणि चिरडला असता आत पिवळा असतो. धोतऱ्याचे बी काळे, खरबरीत असते आणि आत पांढरे निघते. शंका आली तर ती मोहरी वापरू नये. सुटी मोहरी ताटात पसरून, उजेडात बसून निवडावी. काही जणांना मोहरीच सोसत नाही, खाल्ल्यावर अंगावर गांधी उठतात किंवा ओठ सुजतात. युरोपात डब्यावर मोहरीचा उल्लेख करणे कायद्याने बंधनकारक आहे, ते याचसाठी. अशा व्यक्तीला ही चटणी देऊ नये.

विटाळाचा प्रश्न

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हा लेख मुख्यतः लिहीत आहोत, तिच्याकडे वळू.

लोणच्याच्या बरणीभोवती आपल्या देशात जितकी बंधने आहेत, तितकी क्वचितच दुसऱ्या कोणत्या पदार्थाभोवती असतील. पाळीच्या दिवसांत बाईने बरणीला हात लावला तर लोणचे नासते, असे सांगितले जाते. वर ज्या कासुंदीचा उल्लेख आला, ती बंगालात अक्षय्य तृतीयेला मोहरी धुऊन, सोवळे पाळून करण्याची जुनी रीत होती. शुद्ध हात आणि अशुद्ध हात अशी वाटणी अन्नाच्या बाबतीत आधी केली गेली आणि मग तीच माणसांना लावली गेली. ‘विटाळ’ हा शब्द पाहा. पाळी आलेल्या स्त्रीसाठी तोच शब्द आणि आपल्या वाडवडिलांच्या सावलीसाठीही तोच शब्द वापरला गेला. ज्या समाजाने दुसरा विटाळ झुगारून दिला, त्याच समाजातील काही घरांत पहिला विटाळ अजून पाळला जातो, ही आम्हाला लाजिरवाणी गोष्ट वाटते. धम्मदीक्षेनंतरच्या घरात मुलीला महिन्यातून चार दिवस बरणीपासून दूर बसवले जात असेल तर आपण काय सोडले आणि काय धरून ठेवले?

बरणी कशाने नासते, याचा विचार करा. ओला चमचा, कमी मीठ, कमी आंबट, नीट न वाळवलेली बरणी, उघडे राहिलेले झाकण. बुरशीला यांतून वाट मिळते. चटणी टिकते ती आंबट, मीठ आणि स्वच्छता यांमुळे. हात धुतलेला आणि कोरडा असला म्हणजे झाले. तो कोणाचा आहे आणि महिन्याच्या कोणत्या दिवसाचा आहे, हे बरणीला कळत नाही. ज्यांना शंका असेल त्यांनी एकाच वेळी दोन बरण्या भराव्यात, एक पाळीच्या दिवसांत असलेल्या मुलीकडून आणि एक दुसऱ्या कोणाकडून. महिनाभर फ्रीजमध्ये शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. भगवान बुद्धांचा धम्म ‘या आणि पाहा’ असे सांगतो. तो स्वयंपाकघरातही लागू आहे.

किसा गौतमीची कथा आपल्या घरांत सर्वांना ठाऊक आहे. एकुलते मूल गमावलेल्या त्या मातेला बुद्धांनी मोहरी आणावयास सांगितली. अट अशी की ज्या घरात कोणी मेले नाही त्या घरची हवी. तिला दारोदारी मोहरी मिळाली, पण तसे घर मिळाले नाही. या कथेकडे आणखी एका बाजूने पाहता येते. मोहरी तेव्हाही प्रत्येक घरात होती. आणि दुःखाच्या बाबतीत जशी सारी घरे सारखी, तसा कोणाच्याही घरचा तो मूठभर दाणाही सारखाच होता.

विकावयाचे असेल तर

ज्या भगिनींना चटणी जमली, त्यांच्या मनात दहा-वीस बरण्या विकाव्यात असे येणे साहजिक आहे. कापूस वेचणीचे आणि निंदणाचे दिवस संपले की शेतमजूर बाईच्या हाताला काम नसते. बचत गटाला पापड-लोणच्याशिवाय एक नवा पदार्थ मिळेल. त्यासाठी प्रथम अन्नसुरक्षेची नोंदणी करून घ्यावी. बरणीवर केल्याची तारीख, घातलेले जिन्नस आणि वजन लिहावे. नोंदणी होईपर्यंत घरच्यापुरतीच करावी. प्रत्येक वेळी माप एकच ठेवावे, कारण गिऱ्हाईक पुन्हा येते ते चवीच्या भरवशावर.

यापुढचा प्रश्न कागदपत्रांनी सुटत नाही. बरणीवर नाव कोणाचे लिहावयाचे? खाण्याचे पदार्थ विकणाऱ्या आपल्या भगिनींकडून आम्ही ऐकले आहे की गिऱ्हाईक चव घेऊन खूश होते, मग आडनाव विचारते आणि पुढच्या वेळी येत नाही. म्हणून कोणी नुसते पहिले नाव लिहिते, कोणी फुलाचे नाव देते. त्यांना दोष देण्याचे कारण नाही, पोटाचा प्रश्न आहे. परंतु कोल्हापूरची हकिकत या वेळी आठवावी. छत्रपती शाहू महाराजांच्या काळात गंगाराम कांबळे यांनी चहाचे हॉटेल काढले. लोक तेथे चहा प्यायला तयार नव्हते. तेव्हा महाराज स्वतः तेथे थांबून चहा घेऊ लागले आणि बरोबरच्या अधिकाऱ्यांनाही देऊ लागले. त्या हॉटेलाचे नाव होते ‘सत्यसुधारक’. कांबळे यांनी आपले नाव लपवले नाही.

आज महाराज येणार नाहीत, पण आपल्याच वस्तीत नोकरी करणारी, पगार घेणारी कुटुंबे आहेत. त्यांनी परदेशी बरणीऐवजी आपल्या भगिनीची बरणी घ्यावी, कचेरीतील सहकाऱ्यांना डब्यातून चाखायला द्यावी, आणि विचारणाऱ्याला ती कोणी केली ते आडनावासह सांगावे. पहिली दहा गिऱ्हाइके घरातून मिळाली तर अकरावे बाहेरून येते.

माता-भगिनींनी येत्या थंडीत पाव किलो मोहरी आणून हा प्रयोग जरूर करून पाहावा. घरातील मुलगी कोणत्याही दिवशी असो, वाटण्याचे आणि बरणी भरण्याचे काम तिच्याच हाती द्यावे.